गावाचे नाव असलेले पत्र

पाळकीय पत्राला साहित्य मानण्याची आपल्याकडे रीत नाही. ते रविवारी वेदीवरून वाचले जाते, मंडळी बाकांवर बसून ऐकतात, आणि चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत बोलणे दुपारच्या जेवणाकडे वळलेले असते. तरीही एखादे पत्र असे निघते की त्याची भाषा, त्याची रचना आणि त्याने घेतलेली जोखीम यांचा विचार एखाद्या ललित ग्रंथाप्रमाणेच करावा. फिलिपाइन्सच्या बिशपांनी २९ जानेवारी १९८८ रोजी काढलेले पत्र आम्ही अशा पत्रांत मोजतो. ‘आपल्या सुंदर भूमीचे हे काय होत आहे?’ अशा अर्थाचा प्रश्न हेच त्याचे शीर्षक आहे. एखाद्या देशाच्या बिशप परिषदेने केवळ पर्यावरण या विषयावर काढलेले ते पहिले पाळकीय पत्र, अशी त्याची ओळख दिली जाते.

पत्राचा आरंभ उपदेशाने होत नाही, हे त्याचे पहिले यश. बिशप आपल्या वाचकाला बेटे दाखवितात: घनदाट अरण्ये, पक्षी, मासळीने भरलेला समुद्र, प्रवाळ. ईश्वराने दिलेले हे वैभव डोळ्यांपुढे उभे केल्यावरच ते जखमांकडे वळतात. डोंगर बोडके झाले, माती वाहून गेली, प्रवाळाचे स्मशान झाले. वर्णनातून विलापाकडे जाणारी ही चाल स्तोत्रांच्या वाचकाला परिचयाची वाटेल. परंतु आमच्या मते पत्राचे खरे बळ याहून पुढे आहे. आशेची चिन्हे सांगताना बिशप थेट नावे घेतात. धरणाविरुद्ध आपल्या पूर्वजांची भूमी राखणाऱ्या बोंतोक व कालिंगा जमातींचा उल्लेख येतो, त्यांचा १९८० मध्ये मारला गेलेला नेता माक्लिइंग दुलाग याचे नाव येते. आणि उरलेसुरले जंगल वाचविण्यासाठी स्वतःची शरीरे आडवी घालणाऱ्या दोन गावांचीही नावे येतात. त्यांपैकी एक बुकिदनोन प्रांतातील सान फर्नांदो.

सान फर्नांदो हे शेतकऱ्यांचे धर्मग्राम. डोंगरावरचे जंगल तुटू लागले तसे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरड्या नद्या असे दुहेरी संकट भाताच्या शेतांवर आले. १९८७ साली तेथील लोकांनी, त्यांत चर्चची लहान लहान मंडळे अग्रभागी होती, लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा रस्ता अडविला. म्हणजे बिशपांचे पत्र येण्याआधीच लोक रस्त्यावर बसले होते. पत्राने त्यांना उठविले नाही. त्यांनी पत्राला उठविले. पुढे १९८९ मध्ये त्यांच्यापैकी काही जण राजधानी मनिला येथे उपोषणाला बसले. शासनाने त्या प्रांतात वृक्षतोडीला आळा घातला आणि पहारा ठेवण्याचे अधिकार काही धर्मगुरूंना व शेतकऱ्यांना दिले. असा अधिकार स्वीकारलेले तरुण धर्मगुरू नेरी सातुर यांना ऑक्टोबर १९९१ मध्ये, एका वाडीवर मिस्सा अर्पून परतताना, वाटेत ठार मारण्यात आले. पत्रातले शरीर आडवे घालण्याचे शब्द अलंकार म्हणून लिहिलेले नव्हते, हे त्या वाटेवर सिद्ध झाले.

पत्राचा शेवटचा भाग मात्र आम्हांला उणा वाटतो. व्यक्तीने काय करावे, चर्चने काय करावे, शासनाने काय करावे अशा याद्या सुरू होतात, आणि इतका वेळ चालत असलेला श्वास मंदावतो. चर्चच्या प्रत्येक पातळीवर धरतीच्या काळजीसाठी स्वतंत्र सेवाकार्य असावे ही सूचना चांगलीच आहे; पण ती कार्यालयाच्या भाषेत आहे. सान फर्नांदोच्या लोकांनी रस्त्यावर बसण्यापूर्वी असे खाते उघडले नव्हते.

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र २०१५ साली आले. त्याच्या ४१ व्या परिच्छेदात फिलिपाइन्सच्या या पत्राचा आधार घेतला आहे, आणि घेतला आहे तो प्रवाळांच्या ऱ्हासाविषयीचा हळहळणारा प्रश्न. निवड सुंदर आहे. समुद्र सर्व जगाचा असतो, म्हणून तो प्रश्न विश्वपत्रात सामावला. गावाचे नाव मात्र मागे राहिले. हा पोपमहोदयांचा दोष नव्हे, तो त्या लेखनप्रकाराचा स्वभाव आहे. सर्वांना उद्देशून लिहिताना कोणा एकाच्या ओढ्याचे नाव घेता येत नाही. ते काम वाचकावर सोपविलेले असते.

वाचकाने, म्हणजे आपण, काय केले? विश्वपत्राच्या २११ व्या परिच्छेदात घरगुती सवयींची यादी आहे: प्लास्टिक टाळावे, पाणी जपून वापरावे, कचरा वेगळा करावा, झाडे लावावीत, नको ते दिवे मालवावेत. ही यादी आपण उचलली. आठच परिच्छेदांनंतर, २१९ व्यात, पोप सांगतात की एकेकट्याने सुधारणे पुरेसे नाही. समाजाचे प्रश्न समाजाने एकत्र येऊनच सोडवावे लागतात. तिथपर्यंत आपले वाचन पोहोचलेले दिसत नाही. एका धर्मग्रामात आम्ही लागोपाठ तीन वर्षे वृक्षारोपण पाहिले. रोप निराळे होते, फावडे निराळे होते, छायाचित्रकारही बदलला होता. खड्डा मात्र तोच होता. या प्रसंगाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही, कारण तिसऱ्या वर्षी त्या रोपाला पाणी घालण्याचे आम्हीही कबूल केले होते.

वसईच्या वाचकाला १९८८ हे साल दुसऱ्या कारणाने ओळखीचे वाटेल. त्याच सुमारास आपल्या हरितपट्ट्यात इमारतींना वाट मोकळी होऊ लागली, आणि ‘हरित वसई संरक्षण समिती’चे आंदोलन उभे राहिले. ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या अग्रभागी होते. धर्मग्रामांतून हजारो माणसे मोर्चाला निघाली, त्यांत हिंदू शेजारीही होते. विहिरींचे गोडे पाणी उपसून नेणारे टँकर हा त्या लढ्याचा जिव्हाळ्याचा विषय होता, कारण किनारपट्टीच्या गावात गोडे पाणी उपसले की त्याच्या जागी खारे शिरते, आणि एकदा खारावलेली विहीर सहजी गोडी होत नाही. सान फर्नांदोच्या तोडीचे काही आपल्याकडेही घडले होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मग त्याचे साहित्य कोठे आहे? फादरांनी स्वतः विपुल लिहिले; २०२४ साली ते गेले. बाकी आपल्या लेखनात काय दिसते? दिवाळी अंक, नाताळ अंक, ग्रामोत्सवाच्या स्मरणिका चाळाव्यात. रहाटाची कुरकुर, केळीच्या बागा, पानवेली, पहाटे पाटातून धावणारे पाणी यांचे वर्णन भरपूर सापडते, आणि ते अनेकदा खरोखर सुरेख असते. पण या वर्णनात रहाट आपोआप थांबतो. बावखल आपोआप बुजते. दोष ‘काळा’चा असतो, ‘शहरीकरणा’चा असतो, फार तर बाहेरच्या बिल्डरचा. ज्या विहिरीवर टँकरची मोटर लागत असे ती विहीर कोणाची होती, हे कोणी लिहीत नाही. ती आपलीच होती. आमच्या चुलत्यांनीही दोन उन्हाळे पाणी विकले. त्या पैशांतून घराचे छप्पर झाले. पुढे रहाटावर आम्ही एक लेख लिहिला, वाचकांना तो आवडला, आणि त्यात चुलते नव्हते. फिलिपाइन्सचे पत्र पुन्हा वाचताना आम्हांला तो लेख आठवला आणि तो खोटा वाटला. त्यात खोटे वाक्य एकही नव्हते. त्यात पाणी विकणारा हात नव्हता एवढेच.

गेल्या काही वर्षांत वसईत तरुणांच्या गटांनी बावखले उपसून स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले आहे. हे काम आम्हांला वृक्षारोपणापेक्षा मोलाचे वाटते. बावखल पावसाचे पाणी धरते, ते जमिनीत मुरवते, भोवतालच्या विहिरींना पोसते आणि खारे पाणी दूर ठेवते. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा पाण्याच्या जुन्या जागा बुजविण्याची किंमत सर्वांनाच कळली. शिवाय बावखल एकट्याने स्वच्छ होत नाही. गाळ कोणाच्या वाडीत टाकायचा, कुंपण कोणी मागे घ्यायचे, सांडपाण्याची नळी कोणाची, हे प्रश्न पहिल्याच दिवशी उभे राहतात, आणि मिस्साला शेजारी शेजारी बसणाऱ्यांना तेथे एकमेकांशी खरे बोलावे लागते.

अशाच एका कामावर आम्ही गेलो असता मुलांना त्या बावखलाचे नाव विचारले. कोणाला ठाऊक नव्हते. पलीकडच्या पडवीतून एका वृद्ध बाईंनी ते सांगितले, आणि अर्धे बावखल कोणी, कोणत्या लग्नाच्या खर्चासाठी भरणी करून विकले, तेही सांगितले. मुले थोडा वेळ गप्प होती. विकणाऱ्याचा नातू त्यांच्यातच गाळ उपसत होता. मग त्याने टोपली उचलली आणि काम पुढे चालू झाले. धर्मग्रामाधर्मग्रामांतून बावखलांची अशी नावे, त्यांच्या साऱ्या इतिहासासह, कोणी टिपून ठेवीत असेल, तर त्या नोंदींना या त्रैमासिकात पाने मिळावीत, अशी आमची संपादकांना विनंती आहे. आमच्या चुलत्यांच्या विहिरीची नोंद आम्ही लिहून देऊ.