कर्करोगाचे 'पेनिसिलिन' सापडले आहे काय?

चार्ल्स ग्रेबर या अमेरिकन पत्रकाराचे 'द ब्रेकथ्रू' हे पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेकडूनच कर्करोगाचा बंदोबस्त करून घेण्याच्या प्रयत्नांची ही शंभराहून अधिक वर्षांची कथा आहे. त्याच वर्षी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना याच विषयातील कामासाठी वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुस्तकाकडे लक्ष जाणे साहजिक झाले. शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते असावे का? माझ्या मते असावे. पण ते विद्यार्थ्यांच्या हाती देण्यापूर्वी शिक्षकाने एकदा पेन्सिल घेऊन वाचावे, आणि ही पेन्सिल कुठे कुठे टेकवावी याबद्दल मला थोडे सांगायचे आहे.

आधी चांगले ते. ग्रेबर यांना गोष्ट सांगता येते. न्यूयॉर्कचा तरुण शल्यविशारद विल्यम कोली याचे प्रकरण पाहा. हाडाच्या कर्करोगाने बेसी डॅशिएल ही त्याची सतरा वर्षांची रुग्ण हात कापूनही १८९१ च्या जानेवारीत दगावली. अस्वस्थ झालेला कोली रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळू लागला. त्यात त्याला मानेवर मोठी गाठ असलेला एक रुग्ण सापडला. शस्त्रक्रियेने न हटलेली त्याची गाठ विसर्प नावाचा त्वचेचा जंतुसंसर्ग झाल्यावर विरून गेली होती. कोलीने गरीब वस्त्या धुंडाळून त्या माणसाला शोधून काढले. तो चांगला जिवंत होता. पुढे कोलीने रुग्णांना मुद्दाम जंतू टोचले, नंतर मारलेल्या जंतूंचे मिश्रण टोचले. काही गाठी खरोखरच विरल्या. बऱ्याच विरल्या नाहीत.

इथे ग्रेबर यांची सहानुभूती पूर्णपणे कोलीच्या बाजूने आहे, आणि वाचकाचीही होते. परंतु त्याच्या समकालीनांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही याला चांगली कारणे होती. मिश्रण प्रत्येक वेळी सारखे नसे, मात्रा ठरलेली नव्हती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि असे का घडते हे सांगणारा सिद्धान्तही नव्हता. टी-पेशी नावाची काही वस्तू असते हे कळायला अजून सत्तर वर्षे होती. ज्याचे म्हणणे पुढे अंशतः खरे ठरले, त्याची पद्धतही बरोबर होती असा समज विद्यार्थ्यांचा सहज होतो. तो होऊ देऊ नये.

पुस्तकाचा गाभा ॲलिसन यांच्या कामाचा आहे आणि तो उत्तम उतरला आहे. टी-पेशीला कामाला लावायचे तर एक किल्ली फिरावी लागते (परकी वस्तू ओळखणे) आणि एक ॲक्सिलरेटर दाबावा लागतो (सीडी-२८ नावाचा रेणू). सीटीएलए-४ हा तिसरा रेणू काय करतो यावर वाद होता. काही जण त्याला दुसरा ॲक्सिलरेटर समजत. ॲलिसन आणि त्यांचे विद्यार्थी मॅक्स क्रुमेल, तसेच जेफ्री ब्लूस्टोन यांचा गट, यांनी दाखवले की तो ब्रेक आहे. तसे असेल तर ब्रेकवरचा पाय काढला की टी-पेशी गाठीवर तुटून पडतील काय? १९९४ च्या अखेरीस उंदरांवर प्रयोग झाला आणि उपचार दिलेल्या उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या.

या ठिकाणी पुस्तक वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्यासारखे आहे. निकाल फारच चांगला आला म्हणून ॲलिसन यांनी तो लगेच जाहीर केला नाही. नाताळच्या सुट्टीत प्रयोग पुन्हा केला, आणि कोणत्या पिंजऱ्याला औषध मिळाले आहे हे स्वतः मोजणाऱ्यालाच कळू नये अशी व्यवस्था ठेवली. मोजणारे स्वतः ॲलिसनच होते. सुरुवातीला सगळ्याच गाठी वाढत राहिल्या. मग काही पिंजऱ्यांतल्या थांबल्या आणि ओसरू लागल्या. हे संशोधन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून तयार झालेले औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. मधली पंधरा वर्षे कंपन्यांना पटवण्यात आणि चाचण्यांचे मोजमाप कसे करावे हे शिकण्यात गेली, कारण या औषधाने गाठ कधी कधी आधी फुगते आणि मग ओसरते. तशाच एका औषधाची चाचणी एका मोठ्या कंपनीने २००८ मध्ये, फायदा दिसत नाही म्हणून, थांबवली होती.

आता पेन्सिल. प्रकाशकांनी पुस्तकाची ओळख करून देताना हा कर्करोगाचा 'पेनिसिलिन क्षण' असल्याचे म्हटले आहे. ही उपमा मला मुळातच चुकीची वाटते. पेनिसिलिन जिवाणूंच्या पेशीभित्तीच्या बांधणीत अडथळा आणते. आपल्या पेशींना अशी भित्तीच नसते, म्हणून ते आपल्याला फारसा अपाय न करता जिवाणूंना मारते. कर्करोगाची पेशी मात्र आपलीच असते. तिच्यात आणि शेजारच्या निरोगी पेशीत फरक थोडे असतात आणि ते रुग्णागणिक वेगळे असतात. त्यामुळे ब्रेक काढला की टी-पेशी गाठीबरोबर आतडे, यकृत, थायरॉइड, त्वचा यांवरही हल्ला करू शकतात. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात दोन ब्रेक एकदम काढणाऱ्या उपचाराची दहा वर्षांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली: ४३ टक्के रुग्ण हयात होते. पूर्वी प्रगत मेलॅनोमाचे रुग्ण सहसा वर्षभरही जगत नसत, तेव्हा हा आकडा थक्क करणारा आहे. पण याच उपचारात निम्म्याहून अधिक रुग्णांना तीव्र दुष्परिणाम झाले. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर ही औषधे बहुतेक रुग्णांना उपयोगीच पडत नाहीत. पेनिसिलिनची उपमा यातले काहीच सांगत नाही.

ग्रेबर स्वतः याबाबत अगदीच बेसावध आहेत असे नाही. १९८० साली 'टाइम' साप्ताहिकाने इंटरफेरॉनला मुखपृष्ठावर चढवले आणि पुढे ती आशा किती आटली, हे त्यांनी लिहिले आहे. त्यांच्या पुस्तकात न वाचलेले रुग्णही आहेत. तरीसुद्धा गोष्टीचा ओघ वाचलेल्यांकडे वळतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात तेच चेहरे उरतात.

रक्ताच्या कर्करोगाला, म्हणजे ल्युकेमियाला, पुस्तकात मिळालेली जागा मला अपुरी वाटली. प्रतिकारपेशी माणसातील कर्करोग समूळ काढू शकतात याचा भक्कम पुरावा ल्युकेमियातच मिळाला. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात जुळ्या भावंडाची मज्जा दिली तर ती शरीराला सर्वांत मानवते. पण अशा रुग्णांत ल्युकेमिया अधिक वेळा उलटतो. दात्याच्या मज्जेतून टी-पेशी काढून टाकल्या तरी तो अधिक उलटतो, हे १९९० च्या मोठ्या पाहणीत दिसले. म्हणजे बरे करणारे केवळ किरण आणि रसायने नव्हती, दात्याच्या परक्या टी-पेशीही होत्या. त्याच वर्षी जर्मनीतील हान्स कोल्ब यांनी प्रत्यारोपणानंतर रोग उलटलेल्या रुग्णांना नुसत्या दात्याच्या पांढऱ्या पेशी देऊन रोग पुन्हा आटोक्यात आणल्याचे प्रसिद्ध केले. विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हा पुरावा कोलीच्या कथेपेक्षा कितीतरी सुंदर वाटतो. त्यात एकटा नायक नाही, म्हणून बहुधा पत्रकारांना तो भुरळ घालत नाही.

टी-पेशी जनुकीय बदल करून रुग्णाला परत देण्याची 'कार-टी' पद्धत एका प्रकरणापुरती येते. इस्राएलच्या झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये प्रतिपिंडाचा ओळखणारा भाग टी-पेशीच्या यंत्रणेला जोडला. पुढे मिशेल सादलेन, कार्ल जून आणि इतरांनी तिला टिकाव दिला. २०१२ मध्ये सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला हा उपचार मिळाला, तिला भयंकर ताप चढला आणि संधिवाताच्या एका औषधाने तो उतरला. ही हकीकत आता जगप्रसिद्ध आहे. 'एचआयव्ही टोचून कर्करोग बरा केला' अशा मथळ्यांनी ती पसरली. वस्तुतः रोग घडवणारे भाग काढून टाकलेला विषाणू वाहक म्हणून, शरीराबाहेर, पेशींत जनुक नेण्यासाठी वापरतात. वर्गात हा प्रश्न हमखास येतो.

या पद्धतीला ल्युकेमियात यश आले त्याचे एक कारण फारसे सांगितले जात नाही. सीडी-१९ हे लक्ष्य बी-पेशींवर असते, रोगीही आणि निरोगीही. उपचारात दोन्ही मरतात. बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो, प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. रक्ताच्या दुसऱ्या प्रकारच्या, मायलॉइड ल्युकेमियात असे सोयीचे लक्ष्य नाही, कारण तिथली चिन्हे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवरही असतात. त्या मारून चालत नाही. शिवाय कार-टी घेतलेल्या काही थोड्या रुग्णांत टी-पेशींचाच कर्करोग आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला.

एक तक्रार पुस्तकाविषयी नसून आपल्या भाषेविषयी आहे. आपण 'रोगप्रतिकारक शक्ती' म्हणतो, आणि शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असते, वाढवता येते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत 'इम्युनिटी वाढवणारे' काढे आणि गोळ्या दुकानादुकानांत मांडल्या होत्या. अशा वाचकाला इम्युनोथेरपी म्हणजे त्याच काढ्याची महागडी आवृत्ती वाटली तर दोष त्याचा नाही. ॲलिसन आणि होंजो यांच्या शोधाचे मर्म नेमके उलट आहे: शक्ती होतीच, तिला आवर घातलेला होता. म्हणून मी 'प्रतिकारयंत्रणा' हा शब्द पसंत करतो. यंत्रणेला ओळख असते, आवर असतो आणि चूकही होते. कर्करोगाचा रुग्ण घरात असलेल्या पालकाशी बोलताना शिक्षकाच्या तोंडी कोणता शब्द येतो, यावर ते कुटुंब पैसे कुठे घालवील हेही काही अंशी ठरते.

आणि पैशांचा प्रश्न मोठा आहे. २०१७ मध्ये मान्य झालेल्या पहिल्या कार-टी औषधाची अमेरिकेतील किंमत ४,७५,००० डॉलर होती. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तिची किंमत तीस-चाळीस लाख रुपये सांगितली गेली. दशांशाच्या आसपास, तरीही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते टाटा रुग्णालयाचे २०२२ मधील डोके-मानेच्या कर्करोगावरील काम. तिथे निव्होलुमॅब हे ब्रेक काढणारे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे. नुसत्या तोंडी औषधांच्या गटात वर्षअखेर सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते, हे औषध जोडलेल्या गटात सुमारे ४३ टक्के. ग्रेबर यांचे पुस्तक आधीचे आहे, त्यांना हे माहीत असणे शक्य नव्हते. पण कमीत कमी किती मात्रा पुरेल, हा प्रश्न त्यांच्या शोधयात्रेत कुणाला पडलेलाच दिसत नाही.

अकरावी-बारावीच्या वर्गासाठी एक उदाहरण देतो. मुलांच्या ल्युकेमियावरील त्या पहिल्या कार-टी औषधाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांत ८१ टक्के रुग्णांत रोग दिसेनासा झाला, असे सर्वत्र छापून आले. हे ८१ टक्के प्रत्यक्ष पेशी मिळालेल्या ७५ जणांपैकी, म्हणजे ६१ जण. चाचणीत नावे घातली होती ९२ जणांची. बाकीच्यांपर्यंत पेशी पोचल्याच नाहीत, काहींच्या तयार झाल्या नाहीत, काही वाट पाहताना दगावले. ९२ ने भागा, ६६ टक्के येतात. कोणता आकडा बरोबर, हे मुलांना विचारावे आणि त्यांना भांडू द्यावे.