भीतीची शिरगणती

भयपटाचा ट्रेलर बांधण्याआधी प्रेक्षकांची पाहणी करायची, ही रीत चित्रपटाच्या धंद्यात आता रुळली आहे. अमेरिकेत जॉर्ज गॅलप यांच्या संस्थेने १९४० च्या दशकातच हॉलिवूडसाठी प्रेक्षकांची मते मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे ऑरमॅक्स मीडिया ही संस्था २००८ पासून हेच काम करते. २००९ साली 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' या भयपटाच्या जाहिरातीत तर अंधारात दचकणारे, किंचाळणारे प्रेक्षकच दाखवले होते. प्रेक्षकाची भीती हीच मालाची जाहिरात झाली.

हे तंत्र आता बड्या कंपन्यांपुरते उरलेले नाही. मोबाईलवर चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणारी पोरे खानदेशात ठिकठिकाणी आहेत. अहिराणी विनोदी चित्रफिती लाखो लोक पाहतात. आणि फोनवर फुकटात प्रश्नावली तयार करून संध्याकाळपर्यंत शंभर उत्तरे गोळा करणे आज कुणालाही शक्य आहे. म्हणून या तंत्राची चिकित्सा ही केवळ चित्रपटवाल्यांची बाब राहत नाही. पाहणीत कोणाला विचारले जाते? आणि ज्याच्या चेहऱ्याची भीती विकली जाते, त्याला कोणी विचारतो काय? हा प्रश्न सामाजिक आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यात तो जिवावर बेतणारा आहे.

समजा, शहाद्यातल्या चार तरुणांनी सातपुड्यात घडणारा एक भयपट करायचे ठरवले. ट्रेलरसाठी त्यांनी प्रश्नावली काढली. तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? पर्याय : मोकळ्या केसांची म्हातारी, ओसाड वाडा, रात्रीचे जंगल, लहान मुलाचे रडणे. कोणता आवाज अंगावर काटा आणतो? पर्याय : ढोल, कुजबुज, पैंजण, शांतता. उत्तरे आली, टक्केवारी निघाली. म्हातारी पहिली, जंगल दुसरे, ढोल तिसरा. मग ट्रेलर आपोआप जुळून येतो. आधी शांत पाडा. मग एक मूल आजारी. मग ढोल, झरझर बदलणारी दृश्ये, काळा पडदा, क्षणभर शांतता आणि एकदम म्हातारीचा चेहरा. शेवटी चित्रपटाचे नाव.

या मुलांनी काही वाईट केले असे त्यांना वाटणार नाही. आम्ही आमच्या मनाचे काहीच घातले नाही, लोकांनी सांगितले ते दाखवले, असे ते म्हणतील. नेमकी येथेच गफलत आहे.

पहिली गोष्ट, हे पर्याय आले कोठून? आधी पाहिलेल्या भयपटांतून. म्हातारी, वाडा, जंगल ही यादी प्रेक्षकाने केलेली नाही. ती त्याच्यापुढे ठेवली गेली आणि त्याने खूण केली. तेव्हा पाहणीने मोजली ती लोकांची भीती नव्हे, तर मागच्या चित्रपटांचा लोकांच्या मनात उरलेला पडसाद. तोच पडसाद पुन्हा पडद्यावर जातो आणि पुढच्या पाहणीत आणखी मोठ्या टक्केवारीने परत येतो. पूर्वग्रहाला आकड्यांचा सदरा घातला की त्याला लोकमत म्हणायचे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट, विचारले कोणाला? २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के. स्त्रियांची त्याहून कमी. येथे भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी बोलल्या जातात. प्रमाण मराठीत लिहिलेली आणि फोनवर भरायची प्रश्नावली धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावरच्या निरक्षर बाईपर्यंत पोचणारच नाही. पोचली तरी शब्दाची अडचण आहे. शहरातल्या मुलाला 'चेटकीण' हा गोष्टीतला शब्द वाटतो. सातपुड्यात 'डाकीण' हा आरोप आहे. तो शेजारणीवर होतो, चुलतीवर होतो, विधवा भावजयीवर होतो. एकाच खुणेच्या चौकटीत हे दोन शब्द बसत नाहीत.

डाकीण कशी ठरते ते कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. मूल दगावते, बैल मरतो, ताप हटत नाही. दवाखाना लांब, पावसाळ्यात वाट बंद. माणसे भगताकडे जातात. कोणाची तरी नजर आहे, असे निघते आणि मग बोट दाखवले जाते ते बहुधा एकट्या, वयस्क किंवा विधवा बाईकडे. पुष्कळदा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो, किंवा तिने कोणाला तरी उलटून उत्तर दिलेले असते. त्यानंतर वाळीत टाकणे, मारहाण, गावातून हुसकणे, प्रसंगी खून. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांतही पश्चिम भारतातील भिल्ल मुलखातल्या अशा प्रकरणांच्या नोंदी आहेत. हे आदिवासींचेच वैगुण्य आहे असे कोणी समजू नये. युरोपात तर धर्मपीठ आणि न्यायालय यांच्या शिक्क्यानिशी बाया जाळल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी सातपुड्यात डाकीण प्रथेविरुद्ध काम केले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन त्याचे जगणे अशक्य करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता वरचा कल्पित ट्रेलर पुन्हा पाहा. आजारी मूल, संशय, ढोल आणि म्हातारीचा चेहरा. हा क्रम भगताच्या अंगणातल्या क्रमाहून वेगळा आहे काय? फरक एवढाच, की भगताला एका गावाची उत्तरे ठाऊक असतात आणि पाहणीवाल्याला शंभर अनोळखी माणसांची. दोघेही लोकांच्या मनात आधीच असलेला चेहरा शोधतात आणि तोच त्यांना परत दाखवतात. म्हणून तो खरा वाटतो.

आपल्या भुतांनाही जात आहे, हे भयपटाची चर्चा करणारे फारसे बोलत नाहीत. मुंजा हा मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. समंध हे ब्राह्मणाचे भूत. खवीस हा शब्दच अरबीतून आलेला, आणि लोकसमजुतीत तो कुठे मुसलमानाचा, तर कुठे गावकुसाबाहेरच्याचा. मेल्यावरही वर्णव्यवस्था सुटत नाही. २०२४ साली आलेल्या 'मुंज्या' चित्रपटाने कोकणातल्या या भुताला कथा दिली, आई दिली, त्याचे अपुरे राहिलेले प्रेम दिले. ते योग्यच झाले. भुतालाही पूर्वायुष्य असते. पण डाकिणीला पूर्वायुष्य देण्याची निकड कितींना वाटली? महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त राक्षस या शब्दामागे रक्षक पाहिला. धुळ्याच्या शरद पाटलांनी निर्ऋतीसारख्या अशुभ ठरवल्या गेलेल्या देवतेमागे स्त्रीसत्ताक गणाची स्वामिनी पाहिली. त्यांच्या व्युत्पत्तींविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्याची भीती घालण्यात आली तो आधी कोण होता, हा त्यांनी शिकवलेला प्रश्न टाळता येत नाही. पाहणीच्या कागदावर हा प्रश्न नसतो.

येथे एक आक्षेप येईल. चित्रपट त्या बाईच्या बाजूचाच असू शकतो, मग ट्रेलरवर एवढा रोष कशाला? आक्षेप खरा आहे. २०१७ साली प्रदर्शित झालेल्या 'लपाछपी'त उसाच्या फडातल्या भुताटकीमागे स्त्रियांवरचा आणि न जन्मलेल्या मुलींवरचा अत्याचार उघड होतो. २०१८ च्या 'स्त्री'मध्ये भीती घालणारी बाई ही अन्याय झालेली बाई आहे. मात्र हे कळते ते चित्रपटाच्या उत्तरार्धात. ट्रेलरला उत्तरार्ध नसतो. रहस्य फोडायचे नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम. म्हणजे चित्रपट जो गैरसमज दोन तासांनी दूर करतो, तोच गैरसमज ट्रेलर दोन मिनिटांत पसरवतो आणि तेथेच थांबतो. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या माणसाला चित्रपटगृह गाठायचे तर दिवस मोडतो, भाडे मोडते. ट्रेलर मात्र रेंज मिळेल तिथे हातातल्या फोनवर येतो. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, इंटरनेटवरच्याला लागत नाही. ज्याने चित्रपट पाहिलाच नाही, त्याच्यासाठी ट्रेलर हाच संपूर्ण चित्रपट असतो.

शेवट कापलेल्या चित्रफितीचे मोल या भागाने पाहिले आहे. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळीची म्हणून एक चित्रफीत देशभर फिरली. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेची, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करणारी जाहिरात होती. पळवलेले मूल परत आणून सोडले जाते आणि संदेशाचा फलक दाखवला जातो, तो शेवटच कोणीतरी कापला होता. जागृतीची चित्रफीत कात्रीच्या एका घावाने भयपटाचा ट्रेलर झाली. अशा अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. मंगळवेढ्याकडची ती माणसे पोटासाठी आली होती. त्यांचा गुन्हा एवढाच, की जमावाच्या मनात तयार असलेल्या चेहऱ्याशी त्यांचा चेहरा जुळला. भटका, अनोळखी, वेगळ्या वेषाचा. मारणारेही गरिबांतलेच होते, हे अधिक भयानक आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, उत्तर भारतात बायकांच्या वेण्या कोणीतरी कापून नेते अशी आवई उठली होती. आग्र्याजवळच्या एका खेड्यात पहाटे बाहेर पडलेल्या एका वृद्ध दलित बाईला वेणी कापणारी चेटकीण समजून मारून टाकण्यात आले. चेटकिणीची शक्ती तिच्या वेणीत असते, ही कल्पना २०१३ च्या 'एक थी डायन'मध्ये होती, 'स्त्री'मध्येही आहे. चित्रपटामुळे ती बाई मेली, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. माझे म्हणणे इतकेच, की पडदा आणि गाव एकाच कोठारातून भीती उचलतात. आणि कोठार रिकामे झाले की दोघेही एकमेकांकडून उसनी घेतात.

मग भयपट काढूच नयेत काय? बंदीची मागणी मी करणार नाही. भयानक हा भरताने सांगितलेल्या रसांपैकी एक रस आहे आणि आदिवासी, दलित प्रेक्षकालाही घाबरायला आवडते. शिवाय भीती आपल्या अनुभवाचे मोठे द्रव्य आहे. रात्री वस्तीवर चालून येणाऱ्या जमावाचे पाय, पाणवठ्यावर उठलेला हात, दारावरची सावकाराची थाप, हे आपल्या लोकांनी शतकानुशतके अनुभवलेले भय आहे. ते कोणत्याही पाहणीच्या पर्यायांत का नसते? 'तुम्हाला कशाची भीती वाटते' हे त्या डाकीण ठरवलेल्या बाईला विचारा. ती जंगल म्हणणार नाही. ती माणसांची कुजबुज म्हणेल, बंद होत जाणारी दारे म्हणेल. तिच्या बाजूने बांधलेला ट्रेलर अधिक भयंकर होईल. त्यात म्हातारीचा चेहरा शेवटी दचकवणार नाही. तिच्या डोळ्यांतून आपणच जमाव होऊन जवळ येताना दिसू.

पाहणीलाही माझा विरोध नाही. आकडे हे आपले शस्त्र आहे; बाबासाहेबांनी अर्थशास्त्रापासून प्रतिनिधित्वाच्या प्रश्नापर्यंत ते वापरले. पण मोजणी करणाऱ्याने आपण काय मोजत नाही हेही सांगितले पाहिजे. ट्रेलरसाठी पाहणी करणाऱ्या तरुणांनी तीन गोष्टी कराव्यात. पर्याय देण्याआधी लोकांना त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत बोलू द्यावे. तिकीट काढणाऱ्यांबरोबरच, ज्यांच्यासारखा चेहरा पडद्यावर येणार आहे त्यांनाही विचारावे. आणि कच्चा ट्रेलर दाखवून 'घाबरलात काय' एवढेच विचारू नये. 'हे पाहून गावातले कोण आठवले' असे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाला कोणी एखाद्या जित्या बाईचे नाव घेतले, तर ते दृश्य टक्केवारी कितीही असो, कापून टाकावे. शंभरांतल्या नव्वदांना ते आवडले, हा आकडा तेथे निरुपयोगी आहे. बहुमताने कोणाला डाकीण ठरवता येत नाही, तसेच बहुमताने ते दृश्यही निर्दोष ठरत नाही.

या बायांना वाचा नाही असे समजण्याचे कारण नाही. १९७२ नंतर शहादा-तळोद्याच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल बाया दारूच्या भट्ट्या फोडायला निघाल्या, तेव्हा त्यांनी कोणाच्या प्रश्नावलीची वाट पाहिली नव्हती. शहाद्याच्याच वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत आदिवासींची व्यथा दुसरेच मंचावरून सांगतात, ही गोष्ट मांडली. आता मंचाच्या जागी पडदा आला आहे आणि भाषणाच्या जागी दोन मिनिटांची झलक. या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी वर्गात एखादा ट्रेलर लावावा, शेवटच्या चेहऱ्यावर तो थांबवावा आणि मुलांना विचारावे : ही बाई कोण आहे? तिचे घर कोणते? तिला काय म्हणायचे असेल? एवढी चर्चा झाली, तरी पुढे डाकीण म्हणून कोणाकडे बोट दाखवताना त्या वर्गातला एखादा तरी हात थबकेल.