गिरणगांवची बखर आणि गिरणगांवचीं पत्रें

मीना मेनन व नीरा आडारकर ह्यांचा मुंबईच्या गिरणगांवावरील इंग्रजी ग्रंथ कलकत्त्याच्या सीगल प्रकाशनानें २००४ सालीं प्रसिद्ध केला. ताडदेवास १८५६ सालीं सुताची पहिली गिरणी चालूं झाली. पुढें परळ, लालबाग, वरळी ह्या भागांत जी कामकरी वस्ती वाढली, तिची हकीकत येथें सुमारें शंभर जणांच्या तोंडून ऐकावयास मिळते.

अशा ग्रंथास साधन म्हणावें कीं नाहीं, ही शंका आमच्या वाचकांस येणें साहजिक आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांच्या पहिल्या खंडांत बखरींची झडती घेऊन अस्सल पत्रास अग्रमान दिला. त्या न्यायानें, पन्नास वर्षांनीं सांगितलेली आठवण ही बखरच होय. हा आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे.

गिरणगांवचे समकालीन कागद बहुतेक मालकांचे, पोलिसांचे व सरकारचे. बर्नेट-हर्स्ट ह्यांनीं १९२५ च्या ग्रंथांत मजुरांच्या खोल्या व भाडीं तपासलीं. परंतु एकाच खोलींत पाळीपाळीनें निजणाऱ्या माणसांस काय वाटे, तें मोजणाऱ्याच्या वहींत येत नाहीं. खाणावळीचेंच पाहा. चाळींतली बाई दहापांच गड्यांस महिनेवारीनें जेवूं घाली. प्रेमा पुरव ह्यांचें अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ सालीं निघालें, ह्या बायांस बँकेचें कर्ज मिळूं लागलें, तेव्हां त्यांचीं नांवें बँकेच्या दप्तरांत चढलीं. त्यापूर्वीच्या काळाची साक्ष बहुशः त्यांच्या जिभेवरच होती. ती लिहून घेतली, हें ह्या ग्रंथाचें मोठें काम.

मात्र आठवण निर्लेप राहत नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले व हरले. त्यानंतर सांगितलेल्या प्रत्येक जुन्या गोष्टीवर त्या पराभवाची छाया पडते. संपापूर्वीचे दिवस खरोखर कसे होते, हें ठरविण्यास संपापूर्वीचाच कागद पाहिजे: भाडेपावती, ग्रामस्थ मंडळाची वही, खाणावळीचा हिशेब, गांवीं धाडलेल्या मनिऑर्डरीची पावती.

चाळी पडतांना हे कागद रद्दींत जातात. परंतु संपानंतर पुष्कळ कामगार कोकणांत व घाटावर परतले; त्यांच्याबरोबर पत्र्याच्या ट्रंकाही गेल्या असतील. सनदा व महजर शोधीत हिंडणाऱ्या आमच्या बंधूंनीं, मग ते शिर्डीचे असोत कीं सावंतवाडीचे, त्या ट्रंकाही उघडून पाहाव्या. बखर छापून झाली आहे; पत्रें अजून जमवावयाचीं आहेत.