भिंतींवाचूनची मैफल

गाण्याची बैठक म्हटली की आपल्याला चार भिंती आणि लोड-तक्के आठवतात. कॅलिफोर्नियातील पाम डेझर्ट गावच्या पोरांची बैठक निराळी होती. उघड्या वाळवंटात जनित्र न्यायचे, त्यावर वाद्ये चालवायची आणि रात्र जागवायची! ‘कायस’ हा वाद्यवृंद त्या रात्रींतून घडला.

मोकळ्या माळावर सूर परतून येत नाही. त्याला भरीवपणा आणावा लागतो, तो वादकालाच. जॉश होमीने गिटारच्या तारा सैल करून स्वर खाली उतरवले आणि खर्जाच्या गिटारीच्या ध्वनिवर्धकातून ते ऐकवले. १९९२ च्या ‘ब्लूज फॉर द रेड सन’मध्ये हा नाद पिकला. १९९४ च्या ‘वेलकम टू स्काय व्हॅली’ची गाणी मूळ सीडीवर लांब भागांत गुंफलेली होती, आवडते तेवढे वेचण्याची सोय नव्हती. जॉन गार्सियाने गायलेले शब्द मात्र पुष्कळदा नादाला टेकूच देतात, हे उणे मान्य करायला हवे.

१९९५ मध्ये चौथा संग्रह आला आणि वृंद मोडला. होमीला पुढे ‘क्वीन्स ऑफ द स्टोन एज’ने मोठी कीर्ती दिली. २०१२ मध्ये जुन्या नावावरून कोर्टकज्जा झाला. गार्सिया आणि ड्रमवादक ब्रँट ब्योर्क यांनी अखेर ‘व्हिस्टा चिनो’ हे नाव घेतले. माळावर ज्यांना भिंत ठाऊक नव्हती, त्यांच्यामध्ये नावाची भिंत उभी राहावी, याची हळहळ वाटते.

वडीलधाऱ्यांना हे संगीत गोंगाट वाटेल; त्यात नवल नाही. पण घरातल्या मुलाने ते लावलेच, तर दार लोटू नये. खिडक्या उघडाव्यात.