केशांची प्रतिज्ञा आणि पुराव्याची कसोटी

नॉर्वेचा पहिला एकछत्री राजा म्हणून हाराल्ड 'सुकेश' याचे नाव घेतले जाते. त्याचे चरित्र रसिकांपर्यंत पोहोचविले ते आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन या ग्रंथकाराने. परंतु त्याचा 'हाइम्सक्रिंग्ला' हा ग्रंथ इ. स. १२३० च्या सुमाराचा, म्हणजे राजानंतर सुमारे तीनशे वर्षांचा. त्यात गीडा नावाची मानी राजकन्या हाराल्डला निरोप धाडते की, साऱ्या नॉर्वेचा धनी झालास तरच तुला वरीन. राजा प्रतिज्ञा करतो की, तोवर केसांस कात्री वा फणी लावणार नाही. द्रौपदीच्या मोकळ्या केसांची कथा ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांस ही प्रतिज्ञा परकी वाटू नये.

तथापि स्नोरीचा खरा अधिकार या कथेत नसून त्याच्या प्रस्तावनेत आहे, असे आम्हांस वाटते. राजांसमोर किंवा त्यांच्या पुत्रांसमोर गायिलेली कवने तो ग्राह्य मानतो. भाट स्तुती करणारच. पण न घडलेला पराक्रम त्याने राजाच्या तोंडावर गायिला, तर ती स्तुती न राहता थट्टा होईल, असा त्याचा युक्तिवाद आहे. साक्षीची पारख करणारा हा विचार कोणत्याही वकिलाने मान डोलवावी असाच आहे.

आता हीच कसोटी त्याच्या कथेस लावू. थोरब्योर्न होर्नक्लोफी या भाटाच्या नावावर असलेल्या कवनात हाफर्सफ्योर्डची लढाई आहे, आणि राजास 'लुफा', म्हणजे झिपऱ्या, असे म्हटले आहे. उपलब्ध कडव्यांत गीडा नाही, प्रतिज्ञाही नाही. टोपणनावाभोवती मागाहून कथा गुंफली गेली असावी. शिवाय ॲंग्लो-सॅक्सन बखरीच्या एका प्रतीत 'सुकेश' हे उपपद १०६६ साली इंग्लंडात पडलेल्या दुसऱ्याच हाराल्डास लाविले आहे. पुढील राजांनी याचे वंशज म्हणून हक्क सांगितले. त्या वंशावळीविषयी क्लाउस क्राग या इतिहासकाराने १९८९ साली गंभीर शंका घेतली. हितसंबंधी साक्षीदाराचा शब्द तपासूनच घ्यावयाचा असतो.

परंपरेने ही लढाई ८७२ सालची. म्हणून १८७२ साली हौगेसुंड येथे तिचे सहस्रवार्षिक स्मारक उभे राहिले. योगायोग असा की, हिंदुस्थानात पुराव्याचा कायदा झाला तोही त्याच वर्षी. शाबीत आणि नाशाबीत यांखेरीज 'शाबीत न झालेले' अशी तिसरी कोटी त्याने मानली. आमच्या मते लढाईस बळकट आधार आहे. सर्व नॉर्वेवरील सत्ता आणि केशांची प्रतिज्ञा मात्र या तिसऱ्या कोटीत बसतात. त्यामुळे कथेची गोडी उणावत नाही. ती काव्य म्हणून आनंदाने वाचावी. राज्याचे हक्कपत्र म्हणून कोणी पुढे केली, तर मात्र भाटाची साक्ष मागावी. हा दंडक स्नोरीनेच घालून दिला आहे.