खाणशास्त्राच्या पुस्तकात भीमा कुठे आहे?

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मी प्रथम ज्युनिअर कॉलेजात ऐकली. मराठीच्या सरांनी ती वर्गात वाचून दाखवली, भुकेची कथा म्हणून. भूक माणसाला कोणत्या थराला नेते, एवढाच प्रश्न तिच्यावर विचारला जाई आणि त्याचे उत्तरही ठरलेले असे. पुढे मी खाण-अभियांत्रिकीची पदवी घेतली. चांद्याच्या बाजूच्या एका महाविद्यालयात चार वर्षे तोच विषय शिकवला. आता पनवेलला स्थापत्य शाखेच्या मुलांना भूशास्त्र आणि खडक फोडण्याचे शास्त्र शिकवतो. या काळात ती कथा पुन्हा वाचली, तेव्हा ध्यानात आले की ही आधी एका खाणकामगाराची कथा आहे आणि मगच भुकेची. आपल्या समीक्षेने हा क्रम उलटा लावला आहे, आणि ज्या शास्त्राचा हा विषय त्या शास्त्राने तर भीमाची दखलच घेतलेली नाही. या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र करावा, यासाठी हा लेख.

कथा वाचकांना माहीत आहेच. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईत येतो आणि उपनगराजवळच्या एका दगडाच्या खाणीत कामाला लागतो. एके दिवशी खाण अचानक बंद पडते. नदीनाल्याच्या कडेला स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते, आणि मग तो मढी उकरू लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. ती कापावी लागतात. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते आणि भीमा लहान मुलासारखा रडतो.

तो का रडतो? बोटे गेल्याच्या वेदनेने नव्हे. ज्या बोटांनी डोंगर फोडायचा ती गेली, म्हणून रडतो. सोनाराचा डोळा जावा किंवा शिंप्याचा हात जावा, तसे हे नुकसान आहे. ते धंद्याचे आहे, कसबाचे आहे. अण्णा भाऊंनी कथेचा सारा भार या शेवटच्या वळणावर ठेवला आहे. भूक हे कारण आहे, पण कथेचा निकाल लागतो तो हातावर. हा हात आपण वाचला नाही.

आता खाणशास्त्राच्या पुस्तकाकडे वळू. पाठ्यपुस्तक हेसुद्धा एक वाङ्मय आहे. तेही जगाकडे एका जागेवरून पाहते. कोणाला नाव द्यायचे, कोणाला नाही, हे तेही ठरवते. म्हणून कादंबरीची करतो तशी त्याची समीक्षा करायला हरकत नसावी.

या पुस्तकात खडक आहे. त्याची ताकद, त्याच्या भेगा, त्याचा उतार आहे. दारू आहे, यंत्रे आहेत, हवा खेळवण्याची गणिते आहेत. कामगार कुठे आहे? तो उत्पादकतेच्या सूत्रात आहे. खाणीची कार्यक्षमता मोजायचे माप म्हणजे दर माणशी, दर पाळीला किती टन माल निघाला. एकूण टनांना माणसांच्या पाळ्यांनी भागायचे. म्हणजे कामगार छेदस्थानी आहे. छेद जितका लहान, तितका भागाकार मोठा. हे गणित मी चार वर्षे फळ्यावर सोडवून दाखवले. माझे वडील कोळसाखाणीत लोडर होते, घमेल्याने टब भरायचे. मी फळ्यावर जो आकडा लहान करत होतो त्यात ते होते, हे एकदाही माझ्या तोंडून वर्गात निघाले नाही.

दुसरे उदाहरण घ्या. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या सोडलेल्या कामांतले पाणी फुटून खाली आले आणि ३७५ माणसे बुडाली. अभ्यासक्रमात हे ‘जलप्रवेश’ या प्रकरणाखाली येते. पाण्याने भरलेल्या जुन्या कामांपासून ६० मीटरच्या आत पूर्वपरवानगीशिवाय खोदू नये, हा नियम मुले पाठ करतात. नियम महत्त्वाचा आहे, तो शिकवलाच पाहिजे. परंतु पुस्तकाची वाक्यरचना पाहा. ‘पाणी आत शिरले.’ कर्ता पाणी आहे. खोदण्याचा हुकूम देणारा वाक्यात नाही आणि खोदणाराही नाही.

तिसरे उदाहरण भीमाच्या अगदी जवळचे आहे. आज अभ्यासक्रमात ‘खाणबंदी’ हा विषय आहे. खाण बंद करताना खड्ड्यांचे काय, उतारांचे काय, झाडे किती लावायची, याचा आराखडा करावा लागतो. त्यात कामगार-कपातीचा एक परिच्छेदही असतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण तो हजेरीपटावरच्या कामगारांचा. भीमासारखा माणूस पटावर नसतो. शिवाय त्याचा दगड १९५७ च्या खनिज कायद्याने ‘गौण खनिज’ ठरवलेला आहे. मोठ्या खनिजांच्या अभ्यासात गौण खनिजाला जागा थोडी, आणि गौण खनिज फोडणाऱ्याला मुळीच नाही. खाण बंद पडल्याच्या दुसऱ्या दिवशी कामगार कुठे जातो, हे मराठीत मी वाचले ते अण्णा भाऊंच्या कथेत. पुस्तकात वाचले नाही.

येथवर काम सोपे होते. प्रस्थापितांच्या पुस्तकाला नकार देणे आपल्याला आता सवयीचे झाले आहे. पण आपल्याच साहित्याकडे तीच नजर वळवली पाहिजे.

अण्णा भाऊ भीमाला ताकद देतात. त्याच्या ताकदीपुढे डोंगर हार खातो. या वर्णनाने आपली छाती फुगते. पण ज्याने दगडखाण जवळून पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की दगड ताकदीने फुटत नाही. दगडाची शीर ओळखावी लागते. वडार माणूस घण उचलण्याआधी दगडाभोवती फिरतो, सुतकीने ठोकून पाहतो, आवाज ऐकतो आणि मग ठरल्या जागी घाव घालतो. काळ्या पाषाणाला निवताना पडलेल्या भेगा असतात आणि तो त्या भेगांवर उकलतो, असे भूशास्त्र सांगते. वडाराने हेच हाताने शिकलेले असते. भीमाला हे ज्ञान असणारच. अण्णा भाऊंनी ते लिहिले नाही. त्यांनी त्याचे दंड लिहिले.

अण्णा भाऊंचा अधिकार मोठा आहे, आणि ज्या काळात कष्टकऱ्याच्या शरीराला साहित्यात जागा नव्हती त्या काळात त्यांनी ती दिली. पण आपण तिथेच थांबलो. आपल्या आत्मकथनांनी, कथांनी आणि कवितांनी श्रमाची वेदना लिहिली, घाम लिहिला, अपमान लिहिला. श्रमातले ज्ञान फार थोडे लिहिले. प्रस्थापितांचे पुस्तक म्हणते, यांच्याजवळ फक्त हात आहेत. आपले साहित्य म्हणते, पाहा या हातांचे काय केलेत! दोघांच्याही बोलण्यात डोके येत नाही. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवले. हात एकीकडे आणि बुद्धी दुसरीकडे ही वाटणी मान्य करून आपण फक्त हातांची बाजू घेत राहिलो, तर ती वाटणी मोडत नाही.

बाबासाहेबांचे नाव खाणीच्या संदर्भात घ्यायला आणखी एक कारण आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसाक्षेत्रात गेले आणि भुलनबरारीच्या खाणीत सुमारे चारशे फूट खाली उतरून प्रत्यक्ष कोळसा तोडण्याचे काम त्यांनी पाहिले. कामगारांची घरे पाहिली, मजुरीची चौकशी केली. लगेच १९४४ साली कोळसाखाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम आला. जवळच धनबादला १९२६ पासून खाणशास्त्राचे विद्यालय चालू होते.

त्याच काळातली एक अडचणीची गोष्टही आपण लपवू नये. बायकांना भूगर्भात कामाला लावण्यावर १९३७ साली घातलेली बंदी युद्धामुळे १९४३ साली उठवली गेली. कायदेमंडळात त्या निर्णयाची बाजू बाबासाहेबांना मांडावी लागली, आणि ती मांडताना त्यांनी पुरुषांइतक्याच मजुरीचा मुद्दा लावून धरला. १९४६ साली बंदी परत आली. पुढे २०१९ साली बायकांना खाली जाण्याची मुभा मिळाली ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी. म्हणजे पदवी असलेली बाई खाली जाऊ शकली, कोळसा भरणारी नाही. ही मुभा मला स्वागतार्हच वाटते. पण हा सारा इतिहास माझ्या पदवीच्या चार वर्षांत एकाही तासाला आला नाही. तो मला आपल्या चळवळीच्या पुस्तकांतून कळला.

आता पनवेल. इथे खाण-अभियांत्रिकीचा विभाग नाही, पण चहूबाजूंनी दगडखाणी आणि क्रशर आहेत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली गेली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. माझ्या वर्गातली मुले ती टेकडी असताना शाळेत जात होती.

मागच्या वर्षी न उडालेल्या सुरुंगाचे प्रकरण शिकवत होतो. सगळे बार उडाले की नाही हे कसे ओळखायचे, असे विचारले. वर्ग गप्प. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, क्रशरजवळच्या वस्तीतला, जरा बिचकत म्हणाला, “सर, माझा मामा आवाज मोजतो. होल किती भरले ते त्याला ठाऊक असतं. एक आवाज कमी आला तर तो कुणाला पुढं जाऊ देत नाही.” काही मुले हसली. मी पुस्तक उघडून नियम वाचून दाखवला. उडालेले बार मोजावेत आणि शंका असल्यास ठरलेला वेळ जाईपर्यंत जागेवर जाऊ नये, असाच तो नियम आहे. हसू थांबले. नियम आधी की मामा आधी, हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि तास संपवला.

त्या रात्री मला माझ्या वडिलांची काठी आठवली. खाणीत काम सुरू करण्याआधी छत काठीने ठोकून पाहतात. खणखणीत आवाज आला तर छत धड. बद्द आवाज आला तर थर सुटलेला, तिथून मागे फिरायचे. हे तपासणे सरदाराचे काम, पण माझे वडीलही ठोकल्याशिवाय घमेल्याला हात लावत नसत. पुस्तकात त्या आवाजाला इंग्रजी शब्द आहे. मी तो शब्द चार वर्षे शिकवला. नोकरीच्या पहिल्या वर्षी वडिलांनी विचारले होते, आज काय शिकवलेस? मी म्हणालो, छताची परीक्षा. त्यांनी विचारले, “मंग पोरायच्या हाती काठी देतो का?” मी हसून विषय बदलला. खरे म्हणजे मला लाज वाटली होती, आणि लाज काठीची वाटली होती, हे आज कबूल केले पाहिजे. राखीव जागेने लोडरचा मुलगा खुर्चीवर बसला. पण खुर्चीवर बसून तो तेच पुस्तक त्याच वाक्यरचनेत वाचून दाखवणार असेल, तर फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला.

२०२१ पासून अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याची वाट मोकळी झाली आहे. चांगले आहे. पण ते मराठी कोणाचे असणार? खाणीजवळ बार, घण, पहार, सुतकी, शीर, खडी हे शब्द जिवंत आहेत. ते बाजूला ठेवून कोशातून संस्कृत शब्द घडवले, तर क्रशरवरच्या मुलाला इंग्रजी जितके परके तितकेच ते मराठीही परके. त्याच्या मामाला पुस्तकात जागा देण्याची ही एक संधी आहे आणि ती आपण घालवू नये.

आपल्या तरुण लेखकांना म्हणूनच विनंती आहे. खाणीवर लिहा, पण फक्त मृत्यूवर आणि घामावर लिहू नका. दगड कसा वाचतात, छत कसे ऐकतात, बार कसे मोजतात, तेही लिहा. आणि आपल्यापैकी जे अभियांत्रिकी शिकवतात त्यांनी ते लिहिलेले वर्गात न्यावे.

यंदा मी प्रयोगशाळेत एक काठी आणून ठेवली आहे. साहित्याच्या नोंदवहीत ती कोणत्या सदराखाली लिहायची, असे सहायकाने विचारले. मी सांगितले, उपकरणे.