‘ऊर्जाघर’ ही उपमा कुठवर पुरते?

‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाघर’ हे वाक्य मुलांना तोंडपाठ असते. फिलिप सीकेविट्झ यांनी १९५७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या लेखाला हेच शीर्षक दिले होते. उपमा चुकीची नाही. पण तेवढेच शिकवून आपण थांबलो, तर मुलांच्या डोळ्यांपुढे एकाच जागी उभी असलेली, कायम टिकणारी इमारत येते. चेतापेशीच्या बाबतीत हे चित्र अपुरे पडते.

मज्जारज्जूपासून पावलाकडे जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याच्या टोकालाही ऊर्जा हवीच. तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी फक्त १३ प्रथिनांची माहिती तिच्या स्वतःच्या डीएनएत असते, बाकी सगळ्यांची दूरच्या केंद्रकात. त्यामुळे तंतुकणिकांना सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून ये-जा करावी लागते. सेकंदाला एक मायक्रोमीटर हा वेग धरून वर्गात गणित करून पाहा: न थांबता गेले तरी एक मीटरला ११-१२ दिवस लागतात! वाटेत तंतुकणिका एकमेकींत मिसळतात, पुन्हा विभागतात. त्यातून निकामी भाग वेगळा काढता येतो.

तो ओळखायचा कसा? निरोगी तंतुकणिका ‘पिंक-१’ हे प्रथिन आत ओढून त्याचे तुकडे करते. तिच्या पटलावरील विद्युत विभवांतर घसरले, की पिंक-१ बाहेरच साचते आणि ‘पार्किन’ या प्रथिनाला बोलावते. मग पेशी त्या तंतुकणिकेची विल्हेवाट लावते. पार्किन निकामी तंतुकणिकांवर गोळा होते, हे २००८ साली दिसून आले. त्याआधीच कमी वयात कंपवात झालेल्या काही रुग्णांत पार्किनच्या (१९९८) आणि पिंक-१च्या (२००४) जनुकांतील बिघाड सापडला होता. मात्र हा मार्ग मुख्यतः प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत अभ्यासला गेला आहे. जिवंत मेंदूत त्याचा वाटा किती, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. हेही मुलांना सांगावे.

बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. त्वचेच्या पेशींसारख्या त्या बदलल्या जात नाहीत. म्हणून तिथे ऊर्जाघराची देखभाल हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो. ‘ऊर्जाघर कशास म्हणतात?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर पुरते. त्याच्या जोडीला ‘ऊर्जाघर बिघडले तर पेशी काय करते?’ असेही विचारून पाहा. मुले विचार करू लागतील.